मोडेन पण वाकणार नाही!

'मोडेन पण वाकणार नाही' हे वचन आपण मराठी माणसे मोठ्या अभिमानाने उच्चारतो. माणसाच्या तोंडी ते शोभतही असेल. परंतु गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास ते एका ॲल्युमिनियमच्या नळीकडून ऐकण्याची पाळी माझ्यावर आली. वाकवू लागलो तो नळीच्या पाठीवर प्रथम केसाएवढी रेघ उमटली, मग 'टच्' असा बारीकसा आवाज झाला आणि नळीने आपले ब्रीद खरे केले. आमच्या गावाचे नावच मोडनिंब, तेव्हा घरच्या मंडळींना विनोद करायला ते पुरेसे झाले.

प्रसंग मात्र विनोदाचा नव्हता. आईचा पाय श्रावणात घसरला. हाड जुळले, पण आधारावाचून पाऊल उचलेना. बाजारातून चार पायांचा वॉकर आणला, तर तो आमच्या जुन्या माळवदी घराच्या दारातून जाईना. त्या दारांची रुंदी एका माणसापुरती. वॉकर आडवा करावा तर आईने उभे कशाच्या आधाराने राहावे? आईची मागणी एवढीच होती, की दिवाळीत तुळशीपाशी पणती आपल्या हाताने ठेवता यावी. तेव्हा अरुंद वॉकर घरीच करावा असे ठरवून मी मागच्या पडवीतल्या माझ्या लहानशा कारखान्यात (एक व्हाइस, दोन कानशी, एक गॅसची टॉर्च, याला कारखाना म्हणणे हा घरातला दुसरा विनोद) एक इंची नळ्या आणून ठेवल्या.

पोकळ नळी वाकवताना आत काहीतरी भरावे लागते, हे मला ऐकून ठाऊक होते. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो ती याचसाठी, की वरचा पातळ पत्रा चेपू नये. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळी पेशवाईपासून प्रसिद्ध. तिथल्या तांबटांच्या हातोडीखाली तांब्याचा पत्रा घडे-घंगाळांची गोलाई घेतो आणि मठारकामाने त्याच्यावर ते चमचमते ठसे उमटतात. तुतारीचे वळण तर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पोकळ वस्तूला वळण द्यायचे म्हणजे तिला काही काळ भरीव करायचे: राळ ओतून, लाख ओतून, नाही तर वाळू ठासून. वळण झाले की राळ तापवून काढावी, वाळू झटकून टाकावी.

मी वाळूच भरली आणि तरीही नळी तडकली! दुसरी नळी घेतली. तांबट काम करता करता मधूनच भांडे विस्तवात घालून नरम करतात हे आठवले, म्हणून टॉर्च लावली आणि नळी लाल होण्याची वाट पाहत बसलो. ती लाल काही झाली नाही. रुपेरी रंग होता तसा होता. आणि एका क्षणी पाहतो तो नळीचा मधला भाग ओल्या पापडासारखा खाली लोंबू लागला.

तेव्हा मी कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या एका वृद्ध आप्पांकडे गेलो. दोन्ही नळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी तडकलेल्या नळीवरून अंगठा फिरवला, वितळलेली नळी बाजूला सारली आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्याला लाल व्हायची वाट बघायची नसती. लाल व्हायच्या आधी ह्याचं पाणी हुतंय."

आप्पांच्या या एका वाक्यात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आमच्या मोडनिंबवरून गेलेला आहे.

आमच्या भागात यंत्रविद्या आली ती बार्शी लाईट रेल्वेबरोबर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून स्वस्तात मोठी वाहतूक करता येते असा ध्यास घेतला होता. दर आसावर पाच टनांहून अधिक भार नको, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि हलक्या रुळांवरूनही दमदार इंजिने धावतात, असे त्याचे गणित. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये तिचा फाटा मोडनिंबवरून पंढरपूरला पोहोचला. पुढे १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. वारीच्या दिवसांत माणसे मालाच्या डब्यांतूनदेखील पांडुरंगाला भेटायला जात. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने घेतली, आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. ती छोटी गाडी आता नाही, पण तिच्यासाठी कुर्डुवाडीला निघालेल्या कारखान्याने आमच्या पंचक्रोशीतल्या कित्येक घरांना हत्यार धरायला शिकवले.

वाफेच्या इंजिनाच्या अंगावर तांब्याच्या नळ्या पुष्कळ: कुठे वाफेच्या, कुठे तेलाच्या, कुठे पाण्याच्या, एकही सरळ नाही. म्हणून रेल्वेच्या कारखान्यांतून तांबटकाम हे एक वेगळेच कसब असे. तिथला तांबट नळी वाकवी ती तांबट आळीतल्या तांबटासारखीच. आत राळ नाही तर वाळू आणि बाहेर ताव. तांबे ठोकले, पिळले, ओढले की ताठर होते. अंधाऱ्या लाल रंगापर्यंत तापवले की पुन्हा मऊ. रंग हीच त्याची भाषा. डोळा शिकला की कसब आले. थर्मामीटर कोणाला हवा होता?

ॲल्युमिनियमने नेमकी हीच भाषा बंद केली. हा धातू ६६० अंशांना वितळतो. त्याची मिश्रणे त्याहीपूर्वी ढिली होतात. दिवसाउजेडी डोळ्याला लाली दिसावी एवढ्या उष्णतेपर्यंत ते टिकतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या रंगावर पोसलेला कारागिराचा डोळा या नव्या धातूपुढे आंधळा ठरला. वाळूची युक्ती जशीच्या तशी उपयोगी पडली, पण तावाची युक्ती निरुपयोगी झाली. माझी दुसरी नळी या कारणाने गेली.

हा पाहुणा मुळात आला कुठून? १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने तो प्रथम वेगळा काढला. पुढे काही दशके तो इतका महाग होता, की फ्रान्सच्या दरबारात त्याची गणना सोन्या-चांदीच्या पंक्तीत होई. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर कळस बसवला तो या धातूचा, मोलाची वस्तू म्हणून. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांना न कळत, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची रीत शोधली आणि राजाच्या ताटातला धातू पाहता पाहता रंकाच्या चुलीवर आला. हिंदुस्थानात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडवण्याचा उद्योग सुरू केला. आमच्याकडे बायका त्या भांड्यांना 'जर्मन'ची भांडी म्हणू लागल्या. अजूनही म्हातारी माणसे 'जर्मनचं पातेलं' असेच म्हणतात. आपल्या देशात प्रत्यक्ष धातू गाळण्याची सुरुवात १९४३ मध्ये केरळातील अलुपुरम येथे झाली. आणि आज कोल्हापूरच्या राधानगरीकडच्या डोंगरांत जी तांबूस बॉक्साइटची माती निघते, तीतही हाच धातू दडलेला आहे. हे सर्व ठीक. परंतु पातेल्याचे ॲल्युमिनियम आणि माझ्या नळीचे ॲल्युमिनियम एक नव्हे, आणि माझी पहिली नळी तडकली ती या फरकापायी.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. नखाने नाही, पण दाताने खूण उमटावी असे. त्याला बळ कसे आणावे, याच्या प्रयत्नात बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हा शास्त्रज्ञ होता. थोडे तांबे, थोडे मॅग्नेशियम मिसळून त्याने मिश्रण केले, तापवून एकदम पाण्यात विझवले आणि त्याचा कठीणपणा मोजला. तो यथातथाच निघाला. मध्ये सुट्टीचे दिवस गेले. परत येऊन तोच तुकडा मोजला तर तो आपला आपण कठीण झालेला! कुणी ठोकला नाही, तापवला नाही. नुसता पडून राहिला आणि बळकट झाला. हा शोध १९०६ चा. ज्या वर्षी आमच्या मोडनिंबला पहिली आगगाडी आली, तेच वर्ष! असे का होते हे १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी पाहून सांगितले: मिसळलेल्या धातूचे कण हळूहळू गोळा होऊन अतिसूक्ष्म गाठी बांधतात आणि त्या गाठी धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. घसरण बंद म्हणजे बळ आले. आणि घसरण बंद म्हणजेच वाकणेही बंद. बळ आणि हट्ट ही इथे एकाच गुणाची दोन नावे आहेत.

या नव्या बळकट पण हलक्या धातूवर विमानांचा जन्म झाला म्हटले तरी चालेल. विमानाच्या कारखान्यात यातली गंमत रोज अनुभवास येई. नुकतेच विझवलेले रिव्हेट मऊ असत, पण दोन घटकांत कठीण होऊन बसत. म्हणून ते बर्फाच्या पेटीत ठेवून लागतील तसे बाहेर काढीत, जणू दुपारची कुल्फीच!

आणि विमानांच्या या गोष्टीत आमच्या छोट्या रेल्वेची दोन माणसे भेटतात. एक म्हणजे स्वतः कॅलथ्रॉप. त्याचा स्नेही, मोटारींमुळे प्रसिद्ध झालेला चार्ल्स रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. ते दुःख कॅलथ्रॉपच्या जिवाला लागले आणि रेल्वेचा हा इंजिनियर हवाई छत्रीच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' या नावाच्या त्याच्या छत्रीने पहिल्या महायुद्धात हेर शत्रूच्या मुलखात उतरवले गेले. पण ज्यांच्यासाठी त्याने ती केली, त्या ब्रिटिश वैमानिकांच्या अंगावर ती युद्ध संपत आले तरी चढली नाही. दुसरे वालचंद हिराचंद. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद घरचा सूत-सावकारीचा धंदा सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेचे कंत्राटदार झाले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाईट रेल्वेचे काम होते. त्याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला म्हैसूर सरकारच्या साहाय्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली आणि १९४१ मध्ये तिथून पहिले विमान उडाले. १९४२ मध्ये कारखान्याचा कारभार सरकारने हाती घेतला. मातीच्या भरावावर अडीच फुटी रूळ टाकण्यात ज्याने हात घातला, त्याने ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पंख फोडले. आमच्या जिल्ह्याने याचा जितका अभिमान बाळगायला हवा तितका बाळगलेला नाही, असे माझे मत आहे.

विमानातून हा धातू माणसाच्या पायाशी आला तोही एका अपघातातून. इंग्रज वैमानिक मार्सेल देसूतेर याने १९१३ मध्ये विमान-अपघातात पाय गमावला. लाकडी पाय जड म्हणून त्याच्या भावाने, चार्ल्सने, त्याला विमानाच्या धातूचा हलका पाय करून दिला. कृत्रिम अवयव, कुबड्या, पायांना आधार देणारी साधने यांत ॲल्युमिनियम शिरले आणि तिथेच राहिले. आपल्याकडे १९४४ मध्ये युद्धातल्या जखमी जवानांसाठी पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले. आईसाठी मी पडवीत जे करीत होतो, त्याची वंशावळ ही अशी आहे.

आता पुन्हा आप्पांच्या ओट्यावर येऊ. त्यांनी कोळशाने फरशीवर आकृती काढली. नळी एक इंची. मी वळण घेतले होते तीन इंच त्रिज्येचे. काटकोनात वाकवताना नळीच्या मध्यरेषेची लांबी पावणेपाच इंच राहते. पण बाहेरच्या पाठीला साडेपाच इंचांचा पल्ला गाठावा लागतो. म्हणजे पाठ सहाव्या हिश्श्याने, शेकडा सोळा-सतरा, ताणली गेली पाहिजे. बाजारात मिळणारी अशी कठीण नळी, जिच्यावर ६०६३ आणि टी-६ अशी खूण असते, शेकडा आठ-दहा, फार तर बारा ताण सोसते. मग तिने तडकू नये तर काय करावे? वाळू आत होती, म्हणून नळी चपटी झाली नाही आणि पोटाला सुरकुत्या पडल्या नाहीत. पण ताण पडतो तो पाठीवर. "वाळू पोट सांभाळती," आप्पा म्हणाले, "पाठीचं बघायला दुसरं कुणी पायजे." हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांना दोन वेगळी औषधे आहेत, हे मला तोवर कळलेच नव्हते.

पाठीला एक औषध म्हणजे ताव. रंग दिसत नसेल तर काय पाहायचे? आप्पांनी धुण्याच्या साबणाची वडी आणवली. कोरड्या नळीवर साबणाची रेघ ओढायची आणि उलट्या बाजूने ज्योत फिरवत राहायची, एका जागी धरायची नाही. रेघ पिवळी होते, तपकिरी होते आणि काळपट झाली की साडेतीनशे-चारशे अंश झाले असे समजून ज्योत काढायची. जो धातू स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने साबण बोलतो. इतक्या तावाने नळीतल्या त्या सूक्ष्म गाठी फुगून विरळ होतात आणि हट्ट सुटतो. पूर्ण नरम झालेली नळी शेकडा पंचवीसच्या आसपास ताण सोसते. तीन इंची वळण तिला सहज जमते. तुकड्यावर करून पाहिले. नळी आज्ञाधारक मुलासारखी वळली.

मी त्याच वेळी टॉर्च घेऊन घरी निघणार होतो. आप्पांनी हात धरला. "कशासाठी करताय?"

"आईसाठी. धरून चालायला."

"मग ताव द्यायचा न्हाई."

कारण ऐकले आणि मी वरमलो. ताव दिलेल्या जागी नळीचे बळ चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. फुलदाणीच्या स्टँडला, पडद्याच्या दांडीला, देवघरातल्या कमानीला ते चालेल. परंतु वॉकरचे वळण म्हणजे नेमकी ती जागा, जिथे म्हातारे माणूस तोल जाताना सगळा भार टाकते. मोठ्या कारखान्यात वाकवल्यानंतर सगळा सांगाडा पुन्हा तापवून, विझवून, भट्टीत मुरवून बळ परत आणता येते. पडवीत ते होणे नाही. नळी तडकली असती तर निदान दिसली असती. नरम केलेली नळी दिसायला सुरेख, आणि एखाद्या दिवशी उंबऱ्यावर गपकन बसणारी. माझ्या दोन्ही फसलेल्या नळ्यांपेक्षा ही तिसरी, न फसलेली, अधिक वाईट निघाली असती.

तेव्हा दुसरे औषध: वळणच मोठे घ्यायचे. सहा इंच त्रिज्या धरली की पाठीचा ताण सहाव्यावरून बाराव्या हिश्श्यावर, शेकडा आठांवर येतो. कठीण नळी तेवढे जेमतेम सोसते, मात्र घाई न केल्यास. बाभळीच्या जाड फळीचा सहा इंची अर्धगोल कापून घेतला आणि त्याच्या कडेला नळी बसेल अशी खाच कानशीने कोरली. भीमेची वाळू धुऊन, चाळून तव्यावर खडखडीत भाजली. हे भाजणे टाळता येण्यासारखे नाही: पुढेमागे कोणी त्या नळीला ज्योत लावली, तर ओल्या वाळूची वाफ होते आणि तोंडाचे बूच बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. रेल्वेत असे बूच छपराला लागलेले आप्पांनी पाहिले होते. नळी उभी धरून वाळू ओतली, लाकडी हातोडीने बाहेरून ठोकत बसवली, पुन्हा ओतली. बसेनाशी झाली तेव्हा दोन्ही टोकांना लाकडी बुचे मारली. एका टोकाला व्हाइस, दुसऱ्या टोकाला लांब पाइपची मूठ घालून ओढायचे ते एकदम नव्हे. बोटभर ओढावे, थांबावे, पाठीवरून अंगठा फिरवावा, मग पुन्हा बोटभर. नळी थोडी मागे उसळते, म्हणून काटकोनापेक्षा किंचित अधिक न्यावी लागते. एका वळणाला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आप्पा फक्त एकदाच बोलले, ते म्हणजे चहा सांगायला.

वॉकर दिसायला बाजारच्यासारखा सुबक झाला नाही. वळणे मोठी, खांदे उतरते. बैलाच्या शिंगांसारखा काहीसा दिसतो. खाली मात्र तो दारापुरता अरुंद आहे. आईला देण्याआधी दोन दिवस मी आणि थोरल्या मुलाने त्यावर आळीपाळीने सगळा भार टाकून पाहिला, वळणांच्या पाठीवर भिंग लावून रेघ शोधली. नव्हती.

वसुबारसेला तिन्हीसांजेला आई उंबरा ओलांडून तुळशीपाशी गेली. पणती वाकून ठेवणे काही तिला जमले नाही. नातवाने तिच्या हाताखाली पाट धरला आणि तिने त्यावर ठेवली. परतताना वॉकरच्या चार रबरी बुचांचे चार ठसे अंगणातल्या रांगोळीवर उमटत आले. "नवी रांगोळी काढू का?" असे सौ.ने विचारले. "कशाला? उद्या परत जायचंच आहे," आई म्हणाली, आणि वॉकरच्या वळणाला आपली जपमाळेची पिशवी अडकवून ती आत गेली.